शाळेच्या फाटकावरचा नवा वेसकर : प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या खिशातून?

शाळेत सुरक्षारक्षक हवा, तो प्रशिक्षित हवा, त्याची पोलीस पडताळणी झालेली हवी. या मागणीला आज महाराष्ट्रात कोणीही विरोध करणार नाही. पण त्या रक्षकाला प्रशिक्षण देण्याचा खर्च कोणी करायचा, असे विचारले की सगळ्यांची तोंडे बंद होतात. सरकार संस्थेकडे बोट दाखवते. संस्था एजन्सीकडे बोट दाखवते. आणि एजन्सी गणवेश, बूट, 'ट्रेनिंग' असे हिशेब लावून तो खर्च पोराच्या पहिल्या दोन-तीन पगारांतून कापून घेते.

तो पोरगा कोण असतो? आमच्या नालवाडीसारख्या, शहराला चिकटलेल्या गावातला, बारावी झालेला किंवा बी.ए. अर्धवट सुटलेला, शेती नसलेला. बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला. आणि ज्या मुलांचे रक्षण तो करतो, तीही बहुतेक आपलीच. कारण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची मुले सरकारी आणि अनुदानित शाळांतून केव्हाच निघून गेली. म्हणजे फाटकाच्या आत आपण आणि फाटकावरही आपण. म्हणून या खर्चाची चर्चा आपण केली नाही तर दुसरे कोणी करणार नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. प्रशिक्षण ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. महाग आहे ते पद. ते पद द्यायचे नाही म्हणून प्रशिक्षण, कॅमेरा आणि पडताळणी यांचा गाजावाजा चालतो.

बदलापूरनंतर काय झाले?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत अगदी लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाला. आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता. 20 ऑगस्टला लोकांनी रेल्वे अडवली. दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, त्यांचे चित्रण आठवड्यातून किमान तीनदा तपासावे, तक्रारपेटी ठेवावी, बाहेरून घेतलेल्या कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करावी, सहावीपर्यंतच्या मुलांसाठी शक्यतो महिला कर्मचारी नेमाव्यात, सखी सावित्री समित्या कामाला लावाव्यात. खाजगी शाळांनी कॅमेरे बसवले नाहीत तर अनुदान रोखण्याचा किंवा मान्यता काढण्याचा इशाराही दिला.

यातले काही चुकीचे आहे का? अजिबात नाही. पण या सगळ्यातून एकही नवीन पद निर्माण झाले नाही. 'महिला कर्मचारी नेमा' असे सांगितले. तिला पगार कोण देणार ते सांगितले नाही. कॅमेऱ्यांचे म्हणाल, तर बदलापूरच्या त्या शाळेतही कॅमेरे होते. मागच्या पंधरा दिवसांचे चित्रण गायब आहे, असे खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. कॅमेरा बघणारा माणूस नसेल तर तो भिंतीवरचा खिळाच.

आणि पडताळणीचा रोख कोणाकडे वळला बघा. सफाईवाला, शिपाई, वॉचमन, बसचा क्लीनर. संस्थाचालकांची पडताळणी कोणी मागितली? तक्रार दडपणाऱ्यांची? पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अत्याचाराची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम 21 प्रमाणे न कळवणे हा गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाला तर जास्त शिक्षा आहे. हा कायदा 2012 चा आहे. पण आपल्याकडे संशयाची पहिली सुई गरिबाच्या गणवेशावर टेकते आणि तिथेच थांबते.

आधी माणूस काढला, मग सुरक्षेची आठवण झाली

आता थोडे मागे जाऊ. 11 डिसेंबर 2020. करोनाचा काळ, शाळा बंद, रस्त्यावर उतरायची सोय नाही. त्या दिवशी शालेय शिक्षण विभागाने अनुदानित शाळांमधल्या शिपाई, पहारेकरी, प्रयोगशाळा परिचर अशा चतुर्थश्रेणी पदांबद्दल निर्णय काढला. कामावर असलेला कर्मचारी निवृत्त झाला की त्याचे पद संपले. त्याच्या जागी वेतनश्रेणीवर माणूस भरायचा नाही. शाळेला ठोक 'शिपाई भत्ता' द्यायचा. मुंबई-पुण्याला महिना 10,000 रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रात 7,500 रुपये आणि ग्रामीण भागात 5,000 रुपये. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी विरोध केला, आंदोलने झाली. पण शिक्षणाच्या नावाने रोज गळा काढणाऱ्या पुढाऱ्यांना त्यात काही वावगे दिसले नाही.

या 5,000 रुपयांचा हिशेब करा. तो निर्णय झाला त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात 238 रुपये रोज होती. महिन्याचे 26 दिवस धरले तर 6,188 रुपये. म्हणजे माती उचलणाऱ्या मजुरापेक्षा शाळेच्या रखवालदाराचा दर निर्णयाच्या दिवशीच कमी होता. 2025-26 मध्ये रोजगार हमीचा दर 312 रुपये झाला. 26 दिवसांचे 8,112 रुपये होतात. शेकडो मुलांची जबाबदारी असलेल्या माणसाची किंमत शासनाने 5,000 ठरवली.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची गोष्ट तर याहून वाईट. तिथे शिपायाचे पद बहुतेक ठिकाणी नाहीच. फाटक शिक्षक उघडतात, नाहीतर पोरेच उघडतात. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचे एकत्रित अनुदान मिळते. शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेला 25,000 रुपये, तीसच्या आत पट असेल तर 10,000. त्यातच वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता. रोजगार हमीच्या दराने एक माणूस दहा महिने ठेवायचा तर 81,120 रुपये लागतात. म्हणजे शाळेचे संपूर्ण वर्षाचे अनुदान तीनदा खर्च केले तरी एक रखवालदार उभा राहत नाही. अशा शाळेच्या मुख्याध्यापिकेला 'सुरक्षेची जबाबदारी तुमची' असे पत्र पाठवणे म्हणजे तिच्या गळ्यात घंटा बांधणे.

प्रशिक्षणाचे गणित

आता प्रशिक्षणाकडे येऊ. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या 2006 च्या नमुना नियमांत रक्षकाच्या प्रशिक्षणाचे तास ठरवून दिले होते : वर्गातले 100 तास, प्रत्यक्ष कामाचे 60 तास, किमान 20 कामाच्या दिवसांत. शिकवायचे काय? गणवेश नीट घालणे, आग विझवणे, गर्दी आवरणे, ओळखपत्र तपासणे, स्फोटक वस्तू ओळखणे, प्रथमोपचार. पोलीस आणि सैन्यातल्या हुद्द्यांचे बिल्ले ओळखणेसुद्धा त्यात आहे. पण लहान मुलांशी कसे वागायचे, मूल घाबरलेले आहे हे कसे ओळखायचे, पोक्सोखाली तक्रार कुठे द्यायची, असा वेगळा विषय त्या यादीत नाही. ही यादी बँक, गोदाम आणि मॉलसाठी केलेली आहे. शाळा कोणाच्या डोक्यातच नव्हती.

शाळेसाठीचा नियम दुसरीकडे आहे. पोक्सोच्या 2020 च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने सर्व कर्मचाऱ्यांची, कायम असो की कंत्राटी, वेळोवेळी पोलीस पडताळणी करावी आणि बालसुरक्षेबाबत त्यांचे नियमित प्रशिक्षण घ्यावे. म्हणजे कायद्याने प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. ज्या पोराला कामावर घेतले त्याच्यावर नाही. मग त्याच्या पगारातून 'ट्रेनिंग'चे पैसे कापणे कोणत्या नियमात बसते?

शासनाने हे प्रशिक्षण स्वतः द्यायचे ठरवले तर किती खर्च येईल? वीस दिवस काम सोडून शिकायला बसणाऱ्या माणसाला किमान रोजगार हमीइतके विद्यावेतन द्यावे लागेल. 312 गुणिले 20, म्हणजे 6,240 रुपये. शंभर शाळांच्या शंभर रक्षकांसाठी 6,24,000 रुपये. शिकवायला पोलीस आहेत, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, आरोग्य विभाग आहे, अग्निशमन दल आहे. या सगळ्यांचा पगार जनतेच्या पैशातून आधीच निघतो. बसायला पंचायत समितीचे सभागृह आहे. एखाद्या मोठ्या पुढाऱ्याच्या सभेच्या मंडपाला लागणाऱ्या पैशात एका तालुक्याचे रक्षक तयार होतील.

म्हणून म्हणतो, प्रशिक्षण महाग नाही. वीस दिवस शिकलेल्या माणसाला पुढची वीस वर्षे पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा द्यावी लागेल, ही खरी अडचण आहे. कंत्राटाच्या पद्धतीत तर प्रशिक्षणाचा पैसाही वाया जातो. अकरा महिन्यांत करार संपला की शिकलेला माणूस बाहेर आणि नवा कोरा माणूस आत. शासनाने त्या माणसावर खर्च केला तरी तो एजन्सीच्या घशात. उद्या सरकारने 'शाळा सुरक्षा प्रशिक्षण योजना' आणली आणि तिचा निधी एजन्सींना वाटला, तर टाळ्या वाजवू नका. जनतेच्या पैशातून ठेकेदाराला तयार मजूर पुरवण्याची ती योजना असेल.

प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षा, हाही भ्रमच आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या उवाल्डे गावात 24 मे 2022 रोजी एका शाळेत बंदूकधारी शिरला. त्या शाळा-जिल्ह्याचे स्वतःचे पोलीस दल होते. अशा हल्ल्याला तोंड कसे द्यायचे याचे प्रशिक्षण दोनच महिन्यांपूर्वी झाले होते. घटनास्थळी 376 सशस्त्र पोलीस जमले आणि तरीही 77 मिनिटे कोणी त्या वर्गात शिरले नाही. 19 मुले आणि 2 शिक्षिका मेल्या. कोणी निर्णय घ्यायचा आणि कोणी उत्तर द्यायचे हे ठरलेले नसेल तर शिकवलेले सगळे कागदावर राहते. आपल्याकडे एजन्सीचा रक्षक मुख्याध्यापकाला उत्तर देत नाही, मुख्याध्यापक एजन्सीला विचारू शकत नाही, आणि पालकाला तर एजन्सीचे नावही माहीत नसते.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. जून 2023 मध्ये मुंबईच्या चर्नी रोड येथील शासकीय सावित्रीदेवी फुले मुलींच्या वसतिगृहात अकोल्याहून शिकायला आलेल्या विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. संशयित कोण होता? वसतिगृहात कपडे धुण्याचे काम करणारा माणूस, ज्याच्याकडे रखवालदारीही सोपवलेली होती. मुलींच्या शासकीय वसतिगृहाला स्वतंत्र, शिकलेला, नियमित रक्षक देणे राज्याच्या राजधानीत जमले नाही. मग नालवाडीच्या शाळेचे काय घेऊन बसलात?

वेसकर, कोतवाल आणि आजचा वॉचमन

फाटकावर उभे राहणे आपल्या समाजाला नवीन नाही. पश्चिम महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर महार वेसकर असायचा. आमचा वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होता. इथे गावाचा कोतवाल बहुधा महारच. रात्री गस्त, दिवसा सरकारी कागद पोहोचवणे, साहेब आला की पुढे पळणे. वेळेचे बंधन नाही आणि पगारही नाही. तुटपुंजी इनामाची जमीन आणि घरोघरची भाकर. गावाचे रक्षण करणारा गावाबाहेर राहायचा.

बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते याच विरोधात. त्यांचा मुद्दा काय होता? काम सरकारचे असेल तर पगार सरकारने द्यावा, कामाची हद्द ठरवावी, आणि ज्याला हे काम नको त्याला त्यातून मोकळे होता यावे. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला 1958 साल उजाडले. आणि कोतवाल? तो आजही वेतनश्रेणीवर नाही, मानधनावर आहे.

आता 2020 चा शासन निर्णय पुन्हा वाचा. वेतनश्रेणी नाही, पेन्शन नाही, ठोक भत्ता. बलुत्याची भाकर गेली आणि एजन्सीची स्लिप आली. वेसकराला निदान गाव ओळखत होते. आजच्या रक्षकाचे नाव शाळेच्या हजेरीपटावरही नसते.

नालवाडीला यात आणखी एक धडा आहे. डिसेंबर 1932 मध्ये विनोबा भावे आमच्या नालवाडीत राहायला आले. ग्रामसेवा मंडळाच्या कामात इथे सूत आणि चामडे यांचे प्रयोग झाले. पुढे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा, असा त्यामागचा गांधीजींचा आग्रह होता. हेतू काय होता यावर वाद घालायचा तर घाला. पण शिकणाऱ्याच्याच श्रमातून शिकण्याचा खर्च वसूल करायचा, हे सूत्र गरिबाच्याच वाट्याला का येते? आयएएस अधिकाऱ्याचे मसुरीचे प्रशिक्षण जनतेच्या पैशातून होते, वर पगारही मिळतो. त्याला कोणी म्हणत नाही की आधी सूत कात, मग शिक. 'स्वावलंबन' हा शब्द नेहमी खालच्याच माणसाला ऐकवला जातो.

याउलट राज्याने प्रशिक्षणाचा खर्च उचलला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. लष्करात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. त्या एका सरकारी खर्चातून काय उभे राहिले ते मी सांगायला नको. आणि 1892 मध्ये महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा बंद झाली ती नुसती नोकरी नव्हे, सरकारी खर्चाने शिकण्याची वाटही.

'आपल्या पोरांना वॉचमनच बनवायचे का?'

हा प्रश्न मला आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो आणि तो योग्य आहे. बाबासाहेबांनी झाडू सोडा, वतन सोडा, शिका असे सांगितले. आणि तुम्ही शिपायाची पदे मागता?

उत्तर असे. आपली पोरे वॉचमन होणार की नाही हा पर्याय आज आपल्या हातात नाही. ती आत्ताच आहेत. रुग्णालयात, एटीएमवर, मंगल कार्यालयात बारा-बारा तास उभी आहेत. प्रश्न एवढाच की ती हक्काने उभी राहणार की मेहरबानीने. बाबासाहेबांनी मुंबईच्या पालिका कामगारांची संघटना बांधली तेव्हा 'हे काम हलके आहे, मी यात पडणार नाही' असे म्हटले नाही. काम बदलेपर्यंत कामगाराला वाऱ्यावर सोडायचे नसते.

दुसरे, शाळेच्या शिपायाच्या नियमित पदाने आपल्या समाजात काय केले ते तुमच्याच नातेवाइकांत बघा. महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार, निवृत्तीनंतर पेन्शन, त्या भरवशावर मुलगी नागपूरला एम.ए. करायला गेली, मुलगा इंजिनिअर झाला. बाप फाटकावर राहिला म्हणून पोरे फाटकाच्या बाहेर निघाली. ठोक पाच हजारांत ही पुढची पिढी उभी राहत नाही. तिथे मुलगाही बापाच्याच जागी उभा राहतो, आणि मग ते पुन्हा वतनच होते.

तिसरे, आरक्षण. अनुदानित शाळांच्या शिक्षकेतर पदांना बिंदुनामावली लागू होती. अनुसूचित जातींना 13 टक्के जागा होत्या. पद संपले की बिंदू संपला. एजन्सीला रोस्टर लागत नाही. 6 सप्टेंबर 2023 रोजी सरकारने नऊ एजन्सींमार्फत नोकरभरतीचा शासन निर्णय काढला होता. राज्यभर तरुण संतापले आणि 20 ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याची घोषणा करावी लागली. त्या वेळी आपण जिंकलो. पण अधिकाऱ्याच्या पदासाठी जेवढा आवाज उठला, तेवढा 2020 मध्ये शिपायाच्या पदासाठी उठला नाही. आरक्षण वरच्या मजल्यावर वाचवायचे आणि तळमजला विकू द्यायचा, हे चालणार नाही.

मग करायचे काय?

'सरकारकडे पैसा नाही' हे उत्तर ऐकून घरी परत यायचे नाही. मागण्या नेमक्या ठेवा. शाळेच्या फाटकावरचा माणूस शाळेच्या हजेरीपटावर, वेतनश्रेणीवर, रोस्टरप्रमाणे हवा आणि त्यात महिलांना प्राधान्य हवे. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी हे पद नव्याने निर्माण झाले पाहिजे. प्रशिक्षण शासनाने स्वतः, विद्यावेतन देऊन द्यावे, आणि त्यात पोक्सो, बालहक्क आणि अॅट्रॉसिटी कायदा शिकवला जावा. जातीवरून मुलाला हिणवणे हीसुद्धा शाळेतली असुरक्षितताच आहे. प्रशिक्षणाच्या नावाने कामगाराच्या पगारातून एक रुपयाही कापला जाऊ नये.

काम उद्यापासून सुरू होऊ शकते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्या आया-बहिणींना त्या समितीत बसवा आणि विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. ग्रामसभेत ठराव मांडा. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि विचारा : आमच्या शाळेतल्या बाहेरून घेतलेल्या कर्मचाऱ्यांची पडताळणी कधी झाली? प्रशिक्षण कोणी दिले, किती दिवस, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून? शिपाई भत्ता किती आला आणि त्यातला माणसाच्या हातात किती पडला? उत्तर आले तरी उपयोग आहे, आणि नाही आले तर अपील आहेच.

आणि फाटकावर उभ्या असलेल्या त्या पोराशी बोला. त्याची पगाराची स्लिप बघा, कपात वाचा, त्याला संघटनेत आणा. आपल्या मुलांना सुरक्षित ठेवायचे असेल तर आधी तो माणूस सुरक्षित पाहिजे. ज्याची स्वतःची नोकरी उद्या आहे की नाही हे त्याला माहीत नाही, तो संस्थाचालकाच्या विरोधात तक्रार कशी देईल?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भिंतीवर लिहितो. यातले पहिले 'शिका' त्या रक्षकालाही लागू आहे, आणि तेही सरकारच्या खर्चाने.

जय भीम!